तिसऱ्या व्हर्जनमधली आजी

जूमार्तला कुणी हाक मारली की तो आधी ‘हो’ म्हणायचा आणि मग काम काय आहे ते विचारायचा. त्याची बायको गुलबारा पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायची, “आमचं लग्नसुद्धा असंच ठरलं. ह्यांच्या आईने विचारलं, हे हो म्हणाले, आणि मुलगी कोण ते नंतर विचारलं.” जूमार्त चहाच्या पेल्यात बघत बसायचा. गोष्ट बरीचशी खरी होती.

वय चव्वेचाळीस. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, आणि केस विरळ झाल्यापासून हिवाळ्यातली टोपी वसंतातही न काढणारा. बिश्केकला ओश बाजाराच्या मागे, लाग्मानच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, खानावळीवरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. सकाळपासूनच खालून कांदा-मिरचीच्या फोडणीचा वास वर यायला लागायचा आणि जेवणाची वेळ होईपर्यंत कुणाचं कामात धड लक्ष लागायचं नाही.

ऑफिस तुर्दुकुल अगायचं. अगाय म्हणजे मास्तर. शाळेत त्यांनी जूमार्तला भूमिती शिकवली होती. पुढे पगारात भागेना म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि तोयखान्यांसाठी, म्हणजे लग्नाच्या हॉलसाठी, प्रोग्रॅम बनवून विकायचा धंदा काढला. स्वतःला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, तेव्हा त्यांनी जूमार्तला फोन केला. “जूमार्त, बाळा, ये.” जूमार्त हो म्हणाला आणि मग कुठे ते विचारलं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण अगाय खोलीत आले की तो अजून खुर्चीतून अर्धवट उठायचा.

प्रोग्रॅम साधा होता. पाहुण्यांची नावं ठेवायची, कोण कुठल्या टेबलावर ते ठरवायचं, आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड छापायचं. त्यातली अवघड गोष्ट एकच, कार्डावर कुणाला काय म्हणायचं. आपल्याकडे माणूस चुकीच्या टेबलावर बसला तर चालतं, चुकीच्या नावाने हाक मारली तर तीन पिढ्या लक्षात राहतं. त्यासाठी जूमार्तने मूळ प्रोग्रॅमला बाहेरून जोडायचा एक छोटा तुकडा, एक प्लग-इन, लिहिला होता. त्याचं नाव ‘सिय’, म्हणजे मान. सिय पाहुण्याचं वय बघायचा, नातं बघायचा आणि ठरवायचा की हा भाऊ, ही ताई, हे व्याही, ह्या विहीणबाई, हे अक्सकाल. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा मानकरी. दाढी असायलाच हवी असं नाही, पण वय आणि वजन हवं.

सियच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये जूमार्तने एक नियम घातला होता. पन्नाशीच्या पुढची बाई म्हणजे आजी, पंचावन्नच्या पुढचा पुरुष म्हणजे अक्सकाल. हा नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर नारीनकडच्या डोंगरातली स्वतःची आजी होती. ती पन्नासाव्या वर्षी खरोखरच आजी होती, आणि दिसायचीही तशीच.

दामिरा तशी नव्हती. दामिरा एक्कावन्न वर्षांची, दातांची डॉक्टर, उंच टाचांचे बूट घालणारी, आणि अगायच्या मुलीची होणारी सासू. मे महिन्यात ती साखरपुड्याची रीत म्हणून मुलीच्या कानात कर्णफुलं घालायला अगायच्या घरी आली. अगायनी हौसेने स्वतःच्याच प्रोग्रॅममधून कार्डं छापून प्रत्येक ताटाशी ठेवली होती. दामिराच्या ताटाशी होतं, ‘आदरणीय आजी दामिरा’. तिने ते वाचलं, नीट दुमडलं, पर्समध्ये टाकलं, मुलीच्या कानात कर्णफुलं घातली आणि त्यानंतर जेवण संपेपर्यंत फक्त हवापाण्याबद्दल बोलली. अगायची बायको ती गेल्यावर म्हणाली, “ओरडली असती तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी अगायनी जूमार्तसमोर हात जोडले. जूमार्तने चौथं व्हर्जन लिहिलं. बायकांच्या आजीपणाची हद्द त्याने पार सत्तरीला नेऊन ठेवली, सासूबाईंसाठी विहिणीचं नातं सगळ्यांच्या वर आणलं, आणि हात फिरतोच आहे तर पुरुषांनाही न्याय मिळावा म्हणून अक्सकालची हद्द त्रेसष्टला नेली. ते त्याने अगायना करून दाखवलं. अगायनी आपल्या कॉम्प्युटरवर बराच वेळ बघितलं आणि “ठीक आहे” एवढंच म्हणाले. मग उन्हाळा आला, लोक इसिक-कुलच्या तळ्यावर आणि गावाकडे पांगले, आणि सियचा विषय मागे पडला.

सप्टेंबरात अगायच्या मुलीचं लग्न उभं राहिलं. हॉल मोठा, पाहुणे भरपूर, आणि कार्डं आपल्याच प्रोग्रॅमची. छापण्याआधी सगळं तपासून घ्यायचं काम पेरिझातकडे होतं. पेरिझात ऑफिसातली तपासणीस, तीस वर्षांची, जूमार्तच्या समोरच्या टेबलावर बसणारी. चूक सापडली की तिला मनापासून आनंद व्हायचा आणि तो ती लपवायची नाही.

“जूमार्त बाइके,” ती म्हणाली. बाइके म्हणजे थोरला भाऊ. “तुमची आजी परत आली.”

“कोण आजी?”

“आदरणीय आजी दामिरा. या, भेटून घ्या.”

जूमार्त उठून तिच्या पडद्यासमोर उभा राहिला. आजी खरंच तिथे होती. तो आपल्या टेबलावर गेला, तेच नाव, तेच वय घातलं. ‘आदरणीय विहीणबाई दामिरा’.

“माझ्याकडे बरोबर येतंय,” तो म्हणाला.

“म्हणजे तुमच्या टेबलावर ती तरुण आणि माझ्या टेबलावर म्हातारी? मध्ये फक्त चहाची किटली आहे, बाइके. किटली ओलांडताना बाईला वीस वर्षं लागतात का?”

“तू नवं व्हर्जन घेतलंच नसशील.”

“मी घेतलंय.”

“जुनंच घेतलं असशील चुकून.”

पेरिझातने खुर्ची मागे सरकवली आणि हात बांधले. “मग तुमच्या पवित्र हातांनी घाला.”

जूमार्तने घातलं. स्वतः फाइल आणली, स्वतः जिथे ठेवायची तिथे ठेवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आजी हजर. त्याने प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला. आजी हजर. फाइल पुन्हा नव्याने बनवली, कारण कधी कधी बनवतानाच जुनं काही चिकटून राहतं. आजी जागची हलली नाही. अख्खी सकाळ ह्यात गेली. आपण काम केलंय हे माहीत असताना ते झालेलं दिसत नाही, हे त्याला फार लागायचं. चूक आपली निघाली की तो शांत असायचा. चूक कुणाचीच निघेना की त्याचे कान लाल व्हायचे.

“कान लाल झाले तुमचे,” पेरिझात म्हणाली. “चहा घ्या.”

चहा घेताना त्याला सुचलं. नियम बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नाही. आपलं नवं व्हर्जन ह्या कॉम्प्युटरवर उघडतंय तरी का, हे आधी बघायला हवं. त्यासाठी त्यात अशी काहीतरी खूण पाहिजे की दिसली तर चुकून दिसली असं म्हणताच येणार नाही. खिडकीतून खाली बाजाराच्या भिंतीशी टरबुजांचा ढीग दिसत होता. त्याने नव्या व्हर्जनमध्ये एक ओळ घातली. वय काहीही असो, नातं काहीही असो, प्रत्येकाला म्हणायचं टरबूज.

आपल्या टेबलावर त्याने करून बघितलं. ‘आदरणीय टरबूज दामिरा’. छान. मग तीच फाइल पेरिझातच्या कॉम्प्युटरवर घातली.

‘आदरणीय आजी दामिरा’.

जूमार्तने टाळी वाजवली.

“तुम्हाला आनंद कशाचा झालाय?” पेरिझातने विचारलं.

“अगं, टरबूज आलं नाही.”

“ते मला दिसतंय.”

“म्हणजे माझं नवं व्हर्जन इथे उघडतच नाही. म्हणजे माझा नियम बरोबर आहे. ही आजी दुसरीकडून कुठून तरी येतेय.”

“म्हणजे तुम्ही निर्दोष आहात आणि लग्न तरीही मोडणार आहे. अभिनंदन.”

नेमके त्याच वेळी अगाय आत आले. लग्नाच्या धावपळीने त्यांचा चेहरा ओढलेला होता, पण दाढी रोजच्यासारखी गुळगुळीत केलेली. कार्डं कशी दिसतात ते बघावं म्हणून ते जूमार्तच्या टेबलाशी थांबले, चष्मा वर केला आणि पडद्यावरची यादी वरपासून वाचायला लागले. पहिलंच नाव त्यांचं होतं. ‘आदरणीय टरबूज तुर्दुकुल’.

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि ते पुन्हा वाचलं.

“जूमार्त, बाळा,” शेवटी ते म्हणाले, “मी शाळेत तुला कधी मारलं होतं का?”

“नाही, अगाय.” जूमार्त अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला.

“मग हे काय?”

“तपासणी चालली आहे, अगाय.”

“पेरिझातच्या कॉम्प्युटरवर हे टरबूज का येत नाही ते आम्ही शोधतोय,” पेरिझातने माहिती पुरवली.

“न येणंच बरं,” अगाय म्हणाले.

जूमार्तने मग सगळं नीट सांगितलं. तिच्या कॉम्प्युटरवर सियचं कुठलं तरी जुनं व्हर्जन लपून बसलंय, आणि नव्याच्या आधी तेच उघडतंय. हे ऐकताना अगायनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“जुनं म्हणजे किती जुनं?” त्यांनी विचारलं.

“तिसरं वाटतंय. आजीवालं.”

“अस्सं.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “शोधा, शोधा. मी जरा खाली जेवून येतो.” आणि जेवायची वेळ झालेली नसताना ते जिना उतरून गेले.

जूमार्तने आता शेवटचा उपाय केला. पेरिझातच्या कॉम्प्युटरवरून त्याने आपलं नवं व्हर्जन पुसूनच टाकलं. सियची जागा रिकामी. आता प्रोग्रॅमने हात वर करायला हवे होते, मला सिय सापडत नाही म्हणून कुरकुरायला हवं होतं. त्याने बटण दाबलं. प्रोग्रॅम खुशीत उघडला आणि त्याने कार्ड दाखवलं, ‘आदरणीय आजी दामिरा’.

“हिला काढलं तरी जात नाही,” पेरिझात जवळजवळ कौतुकाने म्हणाली. “माझी मोठी जाऊ अशीच आहे.”

पण जूमार्तचे कान आता पांढरे झाले होते. त्याला काहीतरी आठवायला लागलं होतं. त्याने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. सिय उघडशील तेव्हा तो कुठल्या फोल्डरमधून घेतलास ते आधी सांग. हे सकाळीच विचारायला हवं होतं. पण सकाळी तो आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करण्यात गुंतला होता, आणि त्या कामात माणसाला साधा प्रश्न सुचत नाही.

प्रोग्रॅमने सांगितलं. फोल्डरचं नाव होतं ‘तुर्दुकुल’, आणि त्याच्या आत आणखी एक, ‘माझं’.

“हे तर अगायचं आहे,” पेरिझात म्हणाली. “माझ्या कॉम्प्युटरवर अगायचं काय काम?”

“हा कॉम्प्युटर त्यांचाच होता. ऑगस्टमध्ये त्यांनी नवा घेतला आणि हा तुला दिला. त्यांचं नावही तसंच राहिलं, तू त्यांच्याच नावाने आत जातेस.”

“बरं. पण नवं सोडून प्रोग्रॅम त्यांच्या फोल्डरमध्ये कशाला डोकावतो?”

जूमार्तने टोपी काढली. फार क्वचित काढायचा. “तसं मीच करून ठेवलंय. मागे अगाय म्हणाले होते, एखाद्या हॉलवाल्याला आपलं वेगळं काही हवं असेल तर त्याने ते स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवावं, आणि प्रोग्रॅमने आधी तेच घ्यावं. मी हो म्हणालो. नंतर कुणी ते वापरलंच नाही, म्हणून विसरून गेलो.”

“कुणीतरी वापरलंय,” पेरिझात म्हणाली. ती पडद्यावर वाकली होती. “फाइल जूनमध्ये ठेवली आहे. तुमचं नवं व्हर्जन मे महिन्यातलं. म्हणजे नवं तयार झाल्यावर कुणीतरी मुद्दाम जुनं आणून इथे ठेवलं. आणि नावही बदललेलं नाही, सरळ ‘तिसरं’ लिहिलंय.” ती सरळ झाली. “चला, मला भूक लागली आहे.”

“कुठे?”

“खाली. अगाय जेवतायत.”

“पेरिझात, ते माझे मास्तर आहेत.”

“माझे नाहीत. तुम्ही नुसते मागे उभे राहा.”

अगाय कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. समोरचं लाग्मान गार झालं होतं. त्यांनी त्यातली एकही शेवई उचललेली नव्हती. दोघांना येताना बघून त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

“सापडलं वाटतं,” ते म्हणाले.

“सापडलं, अगाय,” पेरिझात त्यांच्या समोर बसली. “तुमच्या फोल्डरमध्ये. आता एवढंच सांगा, तिथे ठेवलं कुणी?”

“बस, जूमार्त. उभा राहू नकोस, मला वर्गात असल्यासारखं वाटतं.” जूमार्त बसला. अगायनी पाव तोडला, खाल्ला नाही. “मी ठेवलं. तिच्या कॉम्प्युटरवर तेच उघडेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कॉम्प्युटर देऊन टाकला की आतलंही गेलं असं मला वाटलं.”

“पण का, अगाय?” जूमार्तने विचारलं. “आजी हवी म्हणून?”

“आजी कुणाला हवी आहे रे. माझ्यामुळे.” त्यांचा आवाज खाली गेला. “चौथ्या व्हर्जनमध्ये मी माझं नाव घातलं. मला काय म्हणाला तुझा सिय? ‘तुर्दुकुल बाइके’. थोरला भाऊ. सत्तावन्न वर्षांचा मी, आणि भाजीवाल्याला म्हणतात तसं बाइके. तिसऱ्यात मी अक्सकाल होतो.”

पेरिझातने ओठ दाबून धरले.

“जूनमध्ये आत-बाशी गावाला आमच्या कुळाचा मेळावा होता,” अगाय पुढे म्हणाले. “तिथे माझा चुलतभाऊ कसा बसतो माहीत आहे? माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण दाढी आहे, मेंढ्या आहेत, घोडे आहेत. तो वर दिवाणापाशी, मानाच्या जागी, आणि मी शहरातला, मी दाराशी, पोरांच्यात. दरवर्षी. ह्या वेळी मी म्हटलं, कार्डं मी छापून आणतो. आणली. तिसऱ्या व्हर्जनची. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचलं, ‘अक्सकाल तुर्दुकुल’, आणि लोक सरकले. छापलेलं होतं ना, कोण काय बोलणार. बसलो मी एकदा वर.”

“कसं वाटलं?” पेरिझातने विचारलं, आणि ह्या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“गुडघे दुखले. वर मांडी घालून बसावं लागतं. पण छान वाटलं.”

जूमार्तने त्यांच्या हातांकडे बघितलं. ह्या माणसाने फळ्यावर सुतासारखी सरळ रेघ मारून दाखवली होती. पट्टी लागायची नाही. त्याने आपण त्रेसष्टची हद्द का घातली ते आठवायचा प्रयत्न केला. कारण सापडेना. हात फिरत होता, म्हणून घातली.

“अगाय, मी हद्द परत पंचावन्नवर आणतो,” तो म्हणाला.

“तुम्ही कुणाचीच हद्द ठरवू नका,” पेरिझात म्हणाली. “तुम्हाला ते जमत नाही. एका व्हर्जनमध्ये बायका लवकर म्हाताऱ्या करता आणि दुसऱ्यात पुरुष उशिरा. यजमानाला विचारा कुणाला काय म्हणायचं, तो लिहील. आणि ते ‘माझं’ फोल्डर तपासणीच्या वेळी बंद पाहिजे. आणि कार्डाच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात दिसलं पाहिजे, कुठलं व्हर्जन आणि कुठून घेतलंय. मला पुन्हा किटली ओलांडायची नाही.”

“हो,” जूमार्त म्हणाला, आणि मग तिने नक्की काय काय सांगितलं ते पुन्हा विचारून घेतलं.

अगायनी लाग्मानचा वाडगा जवळ ओढला. “हे दामिरापर्यंत जायला नको,” ते म्हणाले.

“माझ्याकडून नाही,” पेरिझात म्हणाली. “पण मला एक गरम वाडगा सांगा.”

सगळं शुक्रवारच्या आत झालं. पेरिझातने प्रत्येक कार्ड दोनदा वाचलं, एकदा आजीसाठी आणि एकदा टरबुजासाठी, आणि दोन्ही कुठेच नाहीत असं लेखी द्यायची तयारी दाखवली. यजमान म्हणून अगायनी पाहुण्यांचे मान स्वतः लिहिले. आत-बाशीच्या चुलतभावाला त्यांनी अक्सकाल लिहिलं. स्वतःच्या नावापुढे त्यांनी काय लिहावं ह्यावर बराच विचार केला असावा, कारण ती जागा सर्वांत शेवटी भरली गेली: ‘मुलीचे वडील’.

शनिवारी लग्न झालं. दामिरा हिरव्या रेशमी पोशाखात आली, ताटाशी ‘आदरणीय विहीणबाई दामिरा’ वाचलं, कार्ड पुन्हा जागेवर ठेवलं आणि पहिल्याच गाण्याला नाचायला उठली. अगायच्या बायकोने इतक्या महिन्यांनी पाठ खुर्चीला टेकली.

जूमार्त मागच्या बाजूला, ऑफिसच्या लोकांच्या टेबलावर बसला होता. मांस वाढायची वेळ झाली तेव्हा एक पोऱ्या ताट घेऊन सरळ त्याच्यापाशी आला आणि त्याच्यापुढे जाम्बाश ठेवलं, कमरेचं हाड, जे टेबलावरच्या सगळ्यांत वडील माणसाला देतात. शेजारी बसलेल्या बाजारातल्या चाचाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला नुसती बरगडी आली होती.

“तुझं वय काय रे?” चाचाने विचारलं.

“चव्वेचाळीस, चाचा.”

“आणि हे कुणी पाठवलं?”

जूमार्तने मान वर केली. लांबून अगाय त्याच्याकडे बघत होते आणि छातीवर हात ठेवून किंचित वाकले. आता हाड परत पाठवलं तर मास्तरांचा अपमान, खाल्लं तर चाचाचा. जूमार्तने त्यावरचं मांस सुरीने कापून अर्ध्याहून जास्त चाचाच्या ताटात घातलं आणि उरलेलं डाव्या बाजूने चावत बसला.

डाव्या बाजूने चावतोय हे दामिराने नाचून जाता जाता बघितलं. ती थांबली. “उजवीकडची दाढ?” तिने विचारलं.

“हो, एजे,” जूमार्त ताईला म्हणावं तसं म्हणाला. “कशी कळली?”

“सोमवारी ये.”

सोमवारी तो तिच्या खुर्चीत आडवा झाला. तोंडात कापूस, वर प्रखर दिवा, आणि दामिरा हातात बारीक हत्यार घेऊन वाकलेली. ती निवांत होती. घाई असल्यासारखं ती कधीच वागत नसे.

“कार्डांचं काम तू करतोस म्हणे,” ती म्हणाली.

जूमार्तने हो म्हणून मान हलवली.

“मे महिन्यातलं पण?”

जूमार्तने पुन्हा हलवली. सवयच तशी होती.

“बरं,” दामिरा म्हणाली. “हात धर खुर्चीचा. ही आज निघेल, पण तिच्या शेजारची खूप जुनी आहे, अगदी आजी. तिच्यासाठी तुला अजून एकदा यावं लागेल.”